एक नाही बाकी

कवठाटोल्यात चुटका सांगायचा असेल तर आधी तो कोणाचा ते सांगावं लागतं. हा नियम ग्रामपंचायतीनं केलेला नाही आणि कुठल्या पुस्तकातही सापडायचा नाही. तो यादोराव झोडेनं घालून दिला आणि गावानं हसत हसत पाळला. पानठेल्यावर एखाद्यानं नाव न घेताच चुटका सुरू केला, तर बाकीचे त्याला तिथल्या तिथं अडवायचे. "थांब बाबू, कोनाच्या बांधीतलं पानी वळवून राहिला?" मग त्या बिचाऱ्याला आधी मालकाचं नाव सांगावं लागे, आणि मालक सापडला नाही तर चुटका गिळून पानच खावं लागे.

पाण्याची भाषा गावाच्या तोंडात होती, कारण यादोराव गावचा पाणकर. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाळीपाळीनं वाटून देणं हे त्याचं काम. इटियाडोह धरणाचा कालवा या गावापर्यंत येता येता थकून जातो, त्यामुळे सगळी भिस्त जुन्या तलावावर. तो तलाव सोमाजी पाटील नावाच्या, यादोरावसारख्याच कोहळी जातीच्या, म्हणजे पिढीजात तलाव बांधणाऱ्या माणसानं बांधला, यादोरावच्या पणजोबाच्याही आधी. कोहळ्याला तलाव दिसला की तो कोणी बांधला हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. तलावाचं दार म्हणजे तुडूम. ते उघडताना पाणकरानं मोठ्यानं म्हणायचं, "सोमाजीच्या नावानं पानी सोडलं!" आणि मगच दांडा उचलायचा. यादोराव हे तीस वर्षं म्हणत आला होता. ज्यानं तलाव बांधला त्याचं नाव घेतल्याशिवाय पाणी घेऊ नये, तर ज्यानं चुटका काढला त्याचं नाव घेतल्याशिवाय हशा कसा काय घ्यायचा, असा त्याचा साधा हिशेब. मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या माणसांना अजून हे कळत नाही, पण ते असो.

चुटके सांगायची त्याची जागा म्हणजे मंडई. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी मिठाईची, बांगड्यांची, फुग्यांची दुकानं लागतात आणि मधल्या मांडवात दंडार होते. दंडारीतले नट सोंग बदलायला आत गेले की मांडव रिकामा राहतो. ती रिकामी जागा भरायला यादोराव उठायचा. सडपातळ माणूस, डोक्यावर टॉवेल, चेहरा असा की हा आता कोणाच्या मयतीची बातमी देतो की काय. तो दोन्ही हात मागं बांधायचा आणि म्हणायचा, "हा चुटका सुकरामचा हाये. हासाल तं त्याच्या नावानं हासा."

सुकराम म्हणजे गावचा न्हावी. त्याचा चुटका एवढुसाच होता. एक माणूस कंडक्टरला विचारतो, ही बस अर्जुनीले किती वाजता पोचते? कंडक्टर म्हणतो, पोचल्यावर पाहून घेजो. पण यादोरावच्या त्या मेल्या चेहऱ्यावरून तो निघाला की मांडव हलायचा. १९९९च्या मंडईला सुकराम तापानं अंथरुणाला खिळला होता. मंडईहून परतणारे लोक त्याच्या दारात थांबून सांगून गेले, "सुकराम, तुह्या चुटक्याले लोक लय हासले गा." म्हातारा उठून बसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पेज प्यायला. यादोरावच्या नियमाचा हा गुण होता, आणि त्यालाही तो ठाऊक होता.

फक्त एका मालकाचं नाव त्यानं कधी घेतलं नाही. ती त्याच्या घरातच होती.

कुंदाबाई चारचौघांत तोंड उघडत नसे. हसू आलं तर पदर दातांत धरायची. पण चुलीपाशी नवरा एकटा असला की ती काय काय सांगायची! सासूचं चालणं, तलाठ्याचं पाहणं, पाहुण्यांचं खाणं, काहीही तिच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि भाजी फोडणीला टाकता टाकता त्याचा चुटका होऊन बाहेर यायचा. यादोराव पाटावर बसल्या बसल्या इतका हसायचा की भात नाकात जायचा. लग्नानंतर काही वर्षांनी त्यानं तिचा एक चुटका मंडईत सांगितला. सांगायच्या आधी तो अडखळला. सासू जिवंत होती, चुटका सासूवर होता, आणि कोहळ्याच्या सुनेनं असं काही बोलावं हे गावाला खपलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "हा माहा हाये." मग दुसरा सांगितला, तोही माहा. अशी वीस वर्षं गेली. मंडईत बायकांच्या बाजूला, अगदी शेवटच्या ओळीत कुंदा बसायची आणि लोक हसायला लागले की पदर दातांत धरायची.

तिचा सगळ्यांत गाजलेला चुटका जावयाचा. आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं जेवताना आग्रह झाला तरी तीनदा नाही म्हणायचं. पहिल्या 'वाढू का'ला हो म्हणणारा अधाशी, दुसऱ्याला म्हणणारा हावरा. तिसऱ्या नाहीनंतर वाढणारी पळी ताटात उलटी करते, आणि मग पोटभर खायला कोणाची हरकत नाही. तर एक नवा जावई सासुरवाडीला जातो. आईनं बजावून पाठवलेलं असतं, तीनदा नाही म्हनजो. जेवायला बसतो. सासू विचारते, वाढू का? नाही. वाढू का? नाही. सासू म्हणते बरं, आणि भाताचं पातेलं, म्हणजे आमचं गंज, उचलून आत निघते. तसा जावई पाटावरून ओरडतो, "मामी, एकडाव अजून इचारा ना! माहं एक नाही बाकी हाये!"

हा चुटका नव्हताच खरं तर. पहिल्या खेपेला यादोराव स्वतःच कुंदाच्या माहेरी असा उपाशी उठला होता. ओरडला नव्हता, एवढाच काय तो फरक. ओरडणं कुंदानं जोडलं. गावात पुढं ते बोलणंच पडलं. पत्ते खेळताना, बैल विकताना, पोरीचं लग्न जुळवताना, कोणी घाईनं उठायला लागलं की दुसरा म्हणायचा, थांब गा, माहं एक नाही बाकी हाये.

२००३च्या जानेवारीत गोंदियाहून रामलाल आला. गोंदियाच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान. आदल्या मंडईत त्यानं यादोरावचे चुटके टेपवर भरून नेले होते आणि आता त्याला त्याची कॅसेट काढायची होती. सोबत त्यानं एक स्टँपपेपर आणला होता.

"चाचा, पिछले साल एक गानेवाले के चक्कर में मेरी सौ कैसेट थाने में पड़ी रही," रामलाल चहाची बशी हातात घेऊन म्हणाला. "कॉपीराइट का लफड़ा बहुत बुरा होता है. इसमें लिख के दो, कौनसा चुटकुला किसका है. उनकी सही ले लो. जो आपके हैं, उस पर आप सही कर दो."

यादोरावला हा कायदा फार आवडला. सरकारलाही आपल्यासारखंच वाटतं हे पाहून त्याची छाती फुगली. तो सायकल काढून निघाला. सुकरामची सही घेतली, मंडई समितीच्या केशोरावची घेतली, मेलेल्या दोघांच्या पोरांचे अंगठे घेतले. नऊ मालक झाले. कोणता चुटका कोणाचा याबद्दल त्याच्या डोक्यात तिळाएवढीही गफलत नव्हती. उरले अकरा चुटके, सगळे कुंदाचे.

तो मागच्या अंगणात आला. कुंदा सुपात तांदूळ घेऊन पाखडत बसली होती.

"कुंदा, तुहं नाव घालू का वं?"

"नोको," ती म्हणाली. "बाया काय म्हनतीन? त्याच्यात सासूवरचे हायेत."

तो पुढं ओसरीवर गेला. रामलालनं घड्याळ पाहिलं. यादोरावनं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि पुन्हा मागं आला. कुंदाची सासू, म्हणजे त्याची आई, मरून आता पाच वर्षं झाली होती.

"मी म्हनतो, घालतोच ना नाव."

"नोको म्हनलं ना," कुंदा म्हणाली. तिनं मान वर केली नाही, पण सूप मात्र थांबलं होतं.

"बरं," यादोराव म्हणाला आणि ओसरीवर गेला.

खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. बायकोचं नाव छापून आलं तर पानठेल्यावर लोक काय म्हणतील, ही भीती होतीच. पण नुसती भीती नव्हती. वीस वर्षं हशा कानांत घेऊन त्या अकरा चुटक्यांची त्याला सवय झाली होती, ते जवळपास आपलेच वाटायला लागले होते. माणूस दुसऱ्याच्या बांधीतून पाणी घेत नाही, पण स्वतःच्या घरातून उचललेल्या वस्तूला चोरी म्हणत नाही. यादोरावनं स्टँपपेपरवर लिहिलं, 'वरील अकरा चुटके माझे स्वतःचे आहेत', आणि सही ठोकली.

कॅसेट होळीच्या सुमारास आली. 'यादोरावचे चुटके' हे नाव वर लाल अक्षरांत, आणि आतल्या घडीच्या कागदावर सगळ्या मालकांची नावं, चुटक्यासकट. कुंदा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं तो कागद उलगडून एकेका नावावर बोट फिरवलं. बोट खालपर्यंत गेलं, मग पुन्हा वर आलं. तिनं घडी जशीच्या तशी घातली.

"सुकरामभाऊचं नाव बरं छापलं," ती म्हणाली आणि कॅसेट देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवून दिली.

त्या वर्षी अर्जुनीच्या बाजारात, नवेगावच्या बस स्टँडवर, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात, जिथं तिथं ती कॅसेट वाजत होती. यादोरावला लोक ओळखायला लागले. एसटीत जागा मिळायची. एका सभेत तर त्याला हारही घातला. या गडबडीत चुलीपाशी बोलणं कमी झालं, हे त्याच्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं. मंडई जवळ आली आणि सांगायला नवीन काहीच नव्हतं, तेव्हा त्याला आठवलं की कुंदानं बऱ्याच दिवसांत काही ऐकवलं नाही.

"काऊन वं, एखादा सांग ना."

"आता सुचत नाही वो," ती म्हणाली आणि भाकर उलटवली.

त्यानं ते खरं मानलं. माणसाचं वय होतं, सुचणं आटतं, असं त्याला वाटलं. मंडईत तो जुनेच चुटके सांगत राहिला. लोकही जुन्यालाच हसत राहिले. घरात जेवताना आता फक्त पंख्याचा आवाज यायचा. कुंदा काही रुसलेली नव्हती. वाढायची, विचारायची, पायाला तेल लावून द्यायची. फक्त ती गंमत गेली होती, आणि ती कुठं गेली हे विचारायचं यादोरावला सुचलं नाही.

२००७च्या श्रावणात ती गेली. आधी साधा ताप, मग छाती भरली, गोंदियाला नेलं तोपर्यंत उशीर झाला होता. मुलगा योगराज पुण्याला, चाकणकडच्या कारखान्यात. तो आला, तेरवी केली, बाबांना चला म्हणाला. यादोराव गेला नाही. तुडूम कोण उघडेल, असं म्हणाला. ते निमित्त होतं. दुसरा पाणकर गावाला चार दिवसांत मिळाला असता. पण या घराच्या भिंतींनी कुंदाचे चुटके ऐकलेले होते, पुण्यातल्या भिंतींनी नाही. एवढंच कारण होतं आणि ते मुलाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

एकट्या माणसाचं घर कसं असतं ते काय सांगावं. सकाळी शिजवलेला भात संध्याकाळी पुन्हा खायचा. एकाच ताटासाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो म्हणून कधी चुरमुऱ्यावर भागवायचं. दिवसा बांध्यांवर माणसं भेटायची, बोलायची, हसायची. घरी आलं की दार ढकलायचं आणि आत काहीच नाही. कधी बांधावर काही गमतीचं दिसलं, म्हणजे केशोरावची म्हैस त्याचंच धोतर चघळताना दिसली, तर यादोराव घाईघाईनं घराकडं यायचा. दारापर्यंत आल्यावर त्याला आठवायचं की सांगायला कोणी नाही. मग तो ओसरीवर बसायचा. म्हशीचा चुटका व्हायचा तो होतच नसे. कुंदाशिवाय त्याला नुसती म्हैस दिसायची.

२००९ साली, एका रविवारी, योगराजचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"बाबा, तुमचा चुटका पुण्यात पोचला! आमच्या लाइनवरच्या एकानं मेसेज पाठवला. जावयाचा. 'माझं एक नाही बाकी आहे.' मी सगळ्यांना सांगितलं, हा माझ्या बाबांचा आहे म्हणून. कोणी मानायलाच तयार नाही. म्हणतात, चुटके काय कोणाचे असतात का?"

यादोरावनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "तो माहा नाही."

"मग कोणाचा?"

"तुह्या आईचा."

तिकडं योगराज हसला. "काय बाबा! आई कुठं चुटके सांगायची? आई तर बोलायचीच नाही. मी तर तिला मोठ्यानं हसतानासुद्धा पाहिलं नाही."

"अरे, सारे अकराच्या अकरा तिचे हायेत."

"तुम्हीच तर कागदावर लिहून दिलं होतं ना, स्वतःचे म्हणून?" योगराज म्हणाला. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. बापाला आईची आठवण येते, म्हणून म्हातारा काहीबाही बोलतो, असं त्याला वाटलं असावं. त्यानं जेवणाची चौकशी केली, गोळ्या घेता का विचारलं आणि फोन ठेवला.

पोटच्या पोराला आपली आई माहीत नव्हती. ती मुकी होती, असंच त्याच्या मनात राहणार होतं. पोराच्या पोरांना तर तेवढंही कळणार नव्हतं. आणि हे कोणी केलं? चुटक्याच्या मालकाचं नाव घ्या म्हणून गावाला शिकवणाऱ्यानं. यादोराव ओसरीवर बसून स्वतःला शिव्या घालत राहिला. आता उरल्या आयुष्यात एकच काम करायचं, असं त्यानं ठरवलं. कुंदाचं नाव त्या चुटक्यांवर चढवायचं.

तो अर्जुनीहून गाडी धरून गोंदियाला गेला. रामलालच्या दुकानात आता काचेच्या कपाटात मोबाइल होते. रामलालनं त्याला ओळखलं, पाया पडला, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"चाचा, अब कैसेट कौन सुनता है? चुटकुले तो अब मोबाइल में घूमते हैं. किसका नाम, कैसा नाम?" तो हळूच म्हणाला. "और कागज में तो आपने खुद लिखा था." त्यानं खालच्या खणातून धूळ झटकत एक कॅसेट काढली. शेवटची उरलेली. ती यादोरावच्या हातात ठेवली. यादोराव ती पिशवीत टाकून परत आला. घरी कोनाड्यात एक होतीच, आता दोन झाल्या.

राहता राहिली मंडई. २०१०ची मंडई. कुंदा गेल्यापासून तो मांडवात उठला नव्हता, त्यामुळे तो टॉवेल सावरत उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. दंडारीचे नट सोंगं बदलायला आत गेले होते. माइकपाशी मंडई समितीचा केशोराव उभा होता. त्यानं माइक यादोरावच्या हातात दिला. यादोरावनं एक हात मागं बांधला. चेहरा नेहमीसारखाच, मयतीची बातमी देणारा.

"हा जावयाचा चुटका माहा नाही," तो म्हणाला. "मी पंचवीस वरसं खोटं सांगलो. हा माह्या बायकोचा हाये. कुंदाचा."

पुरुषांच्या बाजूनं हशाचा लोंढा आला.

यादोराव थांबला. लोक शांत व्हायची त्यानं वाट पाहिली. "मी खरं सांगून राहिलो. अकराही तिचेच हायेत. हासाल तं तिच्या नावानं हासा."

आता तर लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "यादोभाऊ, माहं एक नाही बाकी हाये!" त्यावर शिट्ट्या पडल्या. केशोरावनं त्याच्या पाठीवर थाप मारून माइक घेतला. "वा! या उमरीत यादोभाऊनं नवा चुटका काढला! बायकोच्या नावानं!"

लोकांचा तरी काय दोष? पंचवीस वर्षं याच चेहऱ्यानं, याच आवाजात त्यानं त्यांना हसवलं होतं. खरं सांगायला त्याच्याकडं वेगळा चेहरा नव्हता. तो खाली उतरला तेव्हा एवढंच त्याच्या ध्यानात आलं, की बायकांच्या बाजूनं कोणी हसलं नाही. आवडलं नसावं, असं त्याला वाटलं. दुकानांच्या गर्दीतून वाट काढत तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आला. ऊन अजून चांगलं होतं. धान कापणीला आलं होतं, पाण्याची गरज संपली होती, तुडूम बंद होतं.

"भाऊजी, थांबा जी!"

मागून धुरपता येत होती. कुंदाच्या रोवण्याच्या टोळीतली. दोघी तीस वर्षं एकमेकींशेजारी वाकून धान लावत आलेल्या. एका हातात जिलेबीचा पुडा, चालून चालून धाप लागलेली.

"काय वं," यादोराव म्हणाला. "तुमी बाया काऊन नाही हासल्या?"

"हासासारखं काय होतं त्याच्यात? आमाले तं मालूमच हाये."

"काय मालूम हाये?"

"चुटके कुंदाचे हायेत म्हनून." तिनं पुडा दुसऱ्या हातात घेतला. "रोवन्यात आमी तिचं नाव घेऊनच सांगतो ना जी. तुमच्याच कायद्यानं. आन अकराच काय म्हनता? लय हायेत तिचे."

यादोराव पाळीवरच्या दगडावर बसला. "मले तं म्हने, आता सुचत नाही."

"तुमाले म्हने," धुरपता म्हणाली. "आमाले शेवटच्या रोवन्यापरेंत सांगे. गेली त्याच्या पंधरा दिवस आधी एक सांगलन, तो तं तुमच्यावरच होता. सांगू?"

त्यानं मान हलवली. धुरपतानं पदर सारखा केला आणि रीतसर सुरुवात केली.

"हा कुंदाचा हाये. एक पानकर राहे. सारा दिवस गावाले पानी वाटे. घरी येऊन खाटेवर बसला. बायको म्हने, अवो, लय तहान लागली, गडवाभर पानी देता का? तं तो वही काढून पायते आन म्हनते, तुहा नंबर गुरुवारी हाये."

यादोराव हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा, पोटातून, खांदे हलेपर्यंत. कुंदाचा आवाजच ऐकल्यासारखं झालं त्याला. वही काढून पाहतो, हे तर तिच्याशिवाय कोणाला सुचलंच नसतं. हसता हसता त्यानं डोळे टॉवेलनं पुसले आणि विचारलं, "रागात सांगे का वं ती?"

"नाही जी, रागात कायले? हासत सांगे. आमी तिले इचारलो होतो, एवढं मोठं गाव कॅसेटवर हाये, मंग तुहंच नाव काऊन नाही वं? तं आमच्यावरच हासली." धुरपताही ते आठवून हसायला लागली. "म्हने, मी का करू? आमच्या मालकानं दोनदाच इचारलन आन गंज उचलून आत गेला. माहं एक नाही बाकीच हाये."

तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण यादोरावचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. तिनं जिलेबीचा पुडा त्याच्या शेजारी दगडावर ठेवला. मग "येतो जी" म्हणून मंडईकडं परत गेली.

तो ऊन उतरायच्या आत घरी आला. कोनाड्यातली कुंदानं ठेवलेली कॅसेट काढली, तिच्यातला घडीचा कागद उलगडला. नऊ नावं. खाली, त्याच्या स्वतःच्या अकरा चुटक्यांपाशी, कागद थोडा मळलेला होता, बोट तिथं बराच वेळ थांबलं असावं तसा. त्यानं पेन शोधलं, टोपण काढलं आणि लिहायला वाकला. मग थांबला. असं परस्पर लिहिता येत नव्हतं. आधी विचारायला पाहिजे होतं.

मागच्या अंगणाच्या दारात जाऊन तो उभा राहिला. सूप भिंतीला टांगलेलं होतं.

"कुंदा," तो मोठ्यानं म्हणाला, "तुहं नाव घालू का वं?"

आणि पेन हातात धरून तिच्या नाहीची वाट पाहत तो तिथंच उभा राहिला.